माहेरचा पत्ता

शिरूरच्या महिला वाचनालयात पुस्तक बदलायला बायका यवतहून येतात, भांडगावहून येतात, एक तर थेट करमाळ्याहून येते, असं कॉम्प्युटरचं म्हणणं होतं. कॉम्प्युटरला एसटीत उभं राहून प्रवास करावा लागत नाही, म्हणून तो असलं काहीही बिनधास्त म्हणू शकतो. तहमीना मोमीनला तसं म्हणून चालणार नव्हतं. नकाशा तिनं बनवला होता आणि त्याखाली नावही तिचंच जाणार होतं.

दोन हजार पाचची गोष्ट. शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांत नवी सार्वजनिक वाचनालयं कुठं काढायची आणि असलेल्यांपैकी कुणाचं अनुदान थांबवायचं, हे नकाशावरून ठरवून देण्याचं काम पुण्यातल्या एका छोट्या ऑफिसला मिळालं होतं. तहमीना तिथं नोकरीला होती. गावं, लोकसंख्या, रस्ते, शाळा असे एकावर एक थर चढवायचे आणि मग प्रत्येक वाचनालयाच्या सभासदांचे पत्ते टाकायचे. एका सभासदाला एक ठिपका, आणि ठिपक्यापासून वाचनालयापर्यंत एक रेघ. रेघा आखूड आणि दाट असल्या म्हणजे वाचनालय लोकांच्या उपयोगाचं. तिचे साहेब जयसिंग सर वाचनालयाभोवती दहा किलोमीटरचं वर्तुळ काढायला लावायचे आणि त्याला पंचक्रोशी म्हणायचे. "पंचक्रोशीत वाचक नसेल तर वाचनालय काय शोभेला ठेवायचं?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य, आणि त्यावर ऑफिसनं हसायचं, हेही ठरलेलंच.

बाकी वाचनालयांच्या रेघा शहाण्या मुलींसारख्या आपापल्या पंचक्रोशीत बसल्या होत्या. शिरूरच्या महिला वाचनालयाच्या मात्र झाडूच्या काड्या फाकाव्यात तशा चहूकडे फाकलेल्या. काही घोड नदी ओलांडून नगर जिल्ह्यात, काही भीमा ओलांडून दौंडात. खुद्द शिरूरमध्ये ठिपके जेमतेम, बोटावर मोजण्याइतके.

जयसिंग सरांनी स्क्रीनकडे बघितलं आणि खुर्ची मागं ढकलली. "बोगस सभासद. अनुदानासाठी मतदारयादीतली नावं उचलून टाकलीत. किती वेळा पाहिलंय मी हे. साठ किलोमीटरवरून कोण बाई येते हो कादंबरी न्यायला? लिहा, सभासद बोगस, वाचनालय बंद करावं, अनुदान सणसवाडीला द्यावं."

सणसवाडीची मागणी खरीच होती. कारखान्यांतली पोरं एकेका खोलीत चौघं-पाचजण राहायची, आणि चहाच्या टपरीवर एकच पेपर पानं वाटून वाचायची. तहमीनानं ते डोळ्यांनी पाहिलं होतं. तिला सरांचं म्हणणं पटलं. ती स्वतः शिरूरची. आपल्या गावात असली चोरी चालावी याचा तिला रागही आला. अहवालाचा मसुदा तिनं फटाफट टाइप केला आणि उदाहरण म्हणून द्यायला एखादा लांबचा ठिपका बघावा, म्हणून यवतच्या ठिपक्यावर क्लिक केलं.

नाव आलं: शहाबानो हुसेन मुलाणी. मु. पो. यवत, एसटी स्टँडमागे.

तहमीनानं नाव पुन्हा वाचलं. हुसेन मुलाणी म्हणजे तिचे नाना, तिच्या आईचे वडील. त्यांना जाऊन कैक वर्षं झाली होती, आणि स्टँडमागचं त्यांचं घर सोलापूर रस्ता रुंद करताना पाडलं गेलं होतं. शहाबानो ही त्यांची एकुलती एक मुलगी, तहमीनाची अम्मा. लग्न झाल्यापासून, म्हणजे तीसेक वर्षांहून जास्त काळ, ती शिरूरला राहत होती आणि तिला अक्षर वाचता येत नव्हतं. रेशनकार्डापासून बँकेच्या कागदापर्यंत जिथं तिथं तिचा अंगठा. आणि या शहाबानो मुलाणीच्या नावावर पुस्तकं नेल्याच्या नोंदी एवढ्या होत्या, की साऱ्या वाचनालयात तिच्या जवळपास कुणी नव्हतं.

आधी तहमीनाला धक्का बसला आणि मग संताप आला. निरक्षर बाईचं नाव वापरायचं, तेही माहेरचं, म्हणजे कुणाच्या लक्षात यायला नको! माझ्याच आईच्या नावावर सरकारचे पैसे खायचे! त्या वाचनालयवालीला तोंडावर विचारायचं आणि मगच अहवाल द्यायचा, असं ठरवून तिनं मसुद्याची प्रिंट पर्समध्ये कोंबली आणि शिरूरची गाडी पकडली. घरी येतेय म्हणून कळवलंही नाही.

महिला वाचनालय म्हणजे पिठाच्या गिरणीला लागून असलेली एक खोली. दोन्हींमध्ये एकच भिंत, त्यामुळे गिरणी चालू झाली की वाचनालयाच्या कपाटांच्या काचा थरथरायच्या आणि सगळ्या पुस्तकांवर पिठाचा पातळ थर. टेबलाशी राजश्री साळवे बसलेली होती. चाळिशीची, चष्मा कपाळावर चढवलेला. तहमीना शिरूर सोडून शिकायला गेल्यानंतर ती या खोलीत आली होती, त्यामुळे दोघींची ओळख नव्हती.

"पुण्याहून आले. वाचनालयांच्या पाहणीचं काम आहे," तहमीना म्हणाली. आवाज तिनं मुद्दाम कोरडा ठेवला. "तुमच्या एक सभासद आहेत, शहाबानो मुलाणी, यवतच्या. त्यांना भेटायचंय."

राजश्रीचा चेहरा जरा सावध झाला. "कशाला वो?"

"यवतहून इथं येतात म्हणजे कौतुकच आहे ना. कधी येतात?"

"येतील की आत्ता. दळन टाकून गेल्यात. बसा तुम्ही."

एवढं धडधडीत खोटं! तहमीना मनात म्हणाली, बसते की, बघू तुझी शहाबानो कुठून उगवते ती. कोपऱ्यातल्या बाकावर बसून तिनं पेपर उघडून तोंडासमोर धरला.

थोड्या वेळानं एक बाई आत आली. कडेवर पत्र्याचा दळणाचा डबा, डोक्यावर पदर. डबा टेबलावर ठेवून तिनं झाकण काढलं, वरच्या फडक्याची गाठ सोडली आणि पिठावर ठेवलेलं जाडजूड पुस्तक काढून हातानंच झटकलं.

"घे बाई. पहिला भाग झ्याक. पर शेवट त्या लेखकाला जमला न्हाई. इतकी शानी बाई, आन् शेवटच्या पानावर हिरीत उडी मारती व्हय? त्याला फुडचं सुचलं न्हाई म्हनून त्यानं तिला ढकलली."

आवाज तिच्या अम्माचा होता.

तिनं पेपर बाजूला केला नाही. कडेनं नुसतं बघितलं. कपाटाशी अम्मा उभी होती, मान तिरकी करून पुस्तकांच्या पाठींवरची नावं वाचत होती. भाजीवाल्याकडं दोडकी निवडते तशी एकेक पुढं ओढत होती आणि मागं ढकलत होती. एक उघडून तिनं मधलंच पान वाचलं आणि खुदकन हसली. मग ते डब्यात ठेवलं, वर फडकं बांधलं, झाकण लावलं आणि डबा कडेवर घेऊन निघून गेली.

"त्याच मुलानीबाई," राजश्री म्हणाली, आणि तहमीनाकडे बघून घाबरली. "अवो, काय झालं? पानी देऊ का?"

"ती माझी आई आहे," तहमीना म्हणाली. "तिला वाचता येत नाही."

राजश्रीनं उठून दार लोटलं आणि शेजारी येऊन बसली.

"हे बघा बाई, आता तुम्ही घरच्याच निघालात म्हनून सांगते. बाहेर काढू नका. पुस्तक परत यायला उशीर झाला की आम्ही सभासदाला पोस्टकार्ड टाकतो. आधी खऱ्या पत्त्यावर टाकायचे. कार्ड घरी गेलं, सासऱ्यानं न्हाईतर नवऱ्यानं वाचलं, की ती बाई यायची बंद. कामं टाकून पुस्तकं वाचती म्हंजी काय! अशा लई बायका गेल्या माझ्या. मग मीच सांगितलं, माहेरचं नाव लिव्हा, माहेरचा पत्ता घाला. माहेरी कार्ड गेलं तर आई चुलीत घालते, बोभाटा तर करत न्हाई."

"यवतला आमचं घरच नाही आता."

"ते तर लईच चांगलं. कार्ड पोचतच न्हाई."

म्हणजे करमाळ्याची बाई, भांडगावची बाई, केडगावची, पारगावची, सगळ्या इथल्याच. या चार गल्ल्यांत राहणाऱ्या, गिरणीला दळण टाकून इथं येणाऱ्या. कॉम्प्युटरनं त्यांना उचलून एकजात माहेरी नेऊन ठेवलं होतं, आणि तहमीनानं त्यांना बोगस म्हणून टाइप केलं होतं. आपल्या आईसकट.

घराकडं चालताना तिला रस्ता दिसत नव्हता. डोक्यात नको नको ते सुरू झालं होतं. अम्माला वाचता येत नाही, म्हणून या घरात कधी कुणी काही लपवलं नव्हतं. कॉलेजात असताना पुण्याच्या त्या मुलाची पत्रं ती उघडी टेबलावर टाकायची, आणि एक दिवस भाकरी थापता थापता अम्मा अचानक म्हणाली होती, "पोरगा बरा वाटत आसंल तर घरी घेऊन ये, रस्त्यात भेटू नको." मुजीब, तिचा धाकटा भाऊ, दहावीला गणितात नापास झाला, तेव्हा त्यानं पासच झालो म्हणून मार्कशीट आईच्या हातात दिली होती. अम्मानं ती बघितली आणि पेढ्यांऐवजी त्याला गणिताची शिकवणी लावली. सगळी गल्ली म्हणायची, शहाबानोला मनातलं कळतं. बायका तिला विचारायला यायच्या. तहमीनासुद्धा मैत्रिणींना सांगायची, आमच्या अम्माला काहीतरी दिसतं बाई. दिसत होतं ते मराठीत लिहिलेलं होतं!

आणि मग तिला दवाखान्याचा कागद आठवला. ती रस्त्यातच थांबली. मागून येणारा सायकलवाला शिवी देऊन गेला.

तिचे अब्बा, कासम, पाण्याच्या मोटारी रिवाइंड करायचे. शाळेचं तोंड त्यांनी पाहिलं नव्हतं, पण जळलेली मोटार नुसती वासावरून ओळखायचे. दोन वर्षांमागं त्यांचं पोट दुखायला लागलं, पुण्यात तपासण्या झाल्या. कॅन्सर होता, यकृतात पसरलेला, काही महिने हातात. डॉक्टरांनी रिपोर्टच्या शेवटी चार ओळी मराठीत लिहून दिल्या होत्या, घरच्यांना समजावं म्हणून. तिनं आणि मुजीबनं ठरवलं, अब्बांना सांगायचं नाही आणि अम्माला तर मुळीच नाही, ती खचेल. घरी अब्बा कॉटवर पडलेले, अम्मा तहमीनाला खेटून बसलेली. अब्बा म्हणाले, वाच बेटा, काय लिहिलंय. आणि तहमीनानं कागद समोर धरून खणखणीत वाचलं, "आतड्याला सूज आहे. गोळ्यांनी उतरेल. काळजीचं कारण नाही." अम्मा त्या कागदाकडे बघत होती. सगळं वाचून झाल्यावर ती म्हणाली होती, "अल्लाची मेहेरबानी," आणि चहा टाकायला उठली होती.

तहमीनाला वाटलं, आपण घरी जाऊच नये. पुण्याची गाडी धरावी, सरळ. पण पाय सवयीनं घराशी येऊन पोचले होते.

अम्मा ओसरीत मेथी निवडत बसली होती. लेकीला अवचित बघून ती दचकली नाही. "ये. हातपाय धू. भारनियमन हाय, पंखा न्हाई. हितंच बस वाऱ्याला."

तहमीना समोर बसली. पर्समधून मसुद्याचा कागद अर्धा बाहेर आला होता.

"कसला कागूद?" अम्मानं विचारलं.

"ऑफिसचा."

"वाच की."

हे "वाच की" तहमीनानं आयुष्यभर ऐकलं होतं. लाइटबिल आलं, वाच की. मामाचं पत्र आलं, वाच की. तिनं कागद उघडला, आणि आपण काय करतोय हे कळायच्या आत तोंडातून निघून गेलं, "शिरूरचं महिला वाचनालय चांगलं चाललंय... त्याला नवीन कपाटं द्यावीत, असं लिहिलंय."

अम्मानं मेथीची एक काडी मोडली. कागद तिच्या बाजूनं उलटा होता. "बोगस लिव्हलंय तितं," ती म्हणाली. "आन् खाली, बंद करावं."

गल्लीत कुणीतरी स्टोव्ह पेटवल्याचा आवाज आला. तहमीनानं कागद खाली ठेवला.

"मघाशी पेपरामागं तूच व्हतीस. तुझ्या चपला म्याच घेतल्यात गेल्या ईदीला, मला वळखू येनार न्हाईत व्हय?"

"अम्मा, तू... कधी शिकलीस?"

"यवतच्या शाळंत. सातवीपतुर. वर्गात दुसरा नंबर यायचा माझा." हे सांगताना तिचा आवाज एकदम लहान मुलीचा झाला. "तुज्या दादीनं निरोप धाडला व्हता, आमच्या कासमला शाळा ठाव न्हाई, त्याला वरचढ बायकू नको. तुज्या नानाला स्थळ सोडायचं न्हवतं. लोक पोरगी जास्त शिकल्याली सांगत्यात, त्यांनी अडाणी सांगितली. निकाहाला मला म्हनले, अंगठा लाव. लावला. आन् मग लावतच गेले."

"आणि अब्बांना कधीच...?"

"सासू गेल्यावर सांगावं म्हनलं व्हतं. पर तवर वीस वर्सं झाली व्हती. मानूस लई चांगला व्हता गं. पर लागलं असतं त्यांना, वीस वर्सं हिच्याम्होरं मी कागूद उलटा धरला म्हनून."

तहमीनाला आता विचारल्याशिवाय राहवेना, आणि विचारवतही नव्हतं. "दवाखान्याचा कागद तू..."

"माज्या तोंडासमोरच व्हता की तो."

"मग बोलली का नाहीस? माझ्या थोबाडीत का मारली नाहीस?"

"ते ऐकत व्हते." अम्मानं पदरानं नाक पुसलं. "त्या दिशी तू खोटं वाचत व्हतीस आन् मी खरं वाचत व्हते, आन् मला वरडता बी येईना. चा टाकायला गेले तवा मोरीत बसून तोंडात पदर कोंबला."

तहमीना रडायला लागली. दोन वर्षं तिला वाटत होतं, त्या घरात दुःख माहीत असलेली आपण दोघं भावंडंच होतो. ते शेवटचे महिने अम्मा रोज अब्बांच्या आवडीचं रांधायची, त्यांच्याशी हसायची, आणि तहमीना मुजीबला म्हणायची, बरंय, अम्माला काही माहीत नाही.

"पण नंतर तरी सांगायचं होतंस. अब्बा गेल्यावर."

"नंतर तुला वाटत व्हतं, अम्माला म्या वाचिवलं. तेवढंच समाधान व्हतं तुला. ऱ्हाऊ दे म्हनलं."

मेथी निवडून संपली होती, तरी अम्मा रिकाम्या काड्या चाळवत होती. मग तिनं कागद स्वतःच उचलला, डोळ्यांपासून लांब धरून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. लेक तिच्याकडं बघत राहिली. आईला वाचताना ती आयुष्यात दुसऱ्यांदा बघत होती, आणि दोन्ही वेळा आजच.

"हे बंद झालं तर मला काय ऱ्हातंय गं?" अम्मा म्हणाली. "तू पुन्याला, मुजीब कामावर. दिसभर भित्ताडाशी बोलू?"

"नाही होणार बंद," तहमीना घाईनं म्हणाली. "अम्मा, फक्त पत्ते दुरुस्त करायचेत. सगळ्या बायकांनी इथले खरे पत्ते दिले, की ठिपके शिरूरमध्ये पडतील. मी बोगस खोडते, मग साहेब काही म्हणू शकत नाहीत. तुझाच पहिला घालू. शहाबानो कासम मोमीन."

"माजा घाल की. घाल. मला आता कोन वरडनार?" अम्मा म्हणाली. "पर बाकीच्या न्हाई देनार. त्यांचे धनी जिते हायेत."

तहमीनाच्या डोळ्यांसमोर तो नवा नकाशा आला. शिरूरमध्ये मोजके ठिपके, सगळे विधवांचे. नवरा मेल्यावरच बाईला स्वतःच्या घराचा पत्ता लिहिता येणार होता, आणि ज्यांचे जिवंत होते त्या तशाच करमाळ्याला, केडगावला, पाडलेल्या घरांत. जे थोडे ठिपके आधीपासून शिरूरमध्ये होते ते कुणाचे असतील, हे आत्ता तिच्या लक्षात आलं.

"पत्त्याशिवाय ठिपका पडत नाही, अम्मा. कुठला तरी इथला पत्ता लागतो."

"मग गिरनीचा घाल. समद्या तितनंच येत्यात. गिरनीजवळ, शिरूर."

"गिरणीत कुणी राहत नाही. एवढ्या बायका एका गिरणीत राहतात, असं लिहू? ते खोटं होईल. माझं नाव आहे त्याखाली."

अम्मानं तिच्याकडं बघितलं. त्या बघण्यात राग नव्हता, पण तहमीनाला मान खाली घालावी लागली.

"दवाखान्याचा कागूद वाचताना एका अक्षराला अडखळली न्हाईस तू," अम्मा म्हणाली. तिनं लेकीच्या पर्समधलं पेन काढलं आणि तिच्या हातात दिलं. "लिही. मी वाचून बघते."